मशीन गरम दाखवतेय, पण खरंच गरम आहे का? टेम्परेचर सेन्सरचा घोळ सोप्या भाषेत

इंदुरात सध्या जिकडे बघावं तिकडे मशिनी लागलेल्या आहेत. मेट्रोचा पहिला साधारण सहा किलोमीटरचा तुकडा ३१ मे २०२५ ला सुरू झाला, पुढचं काम चालूच आहे, उज्जैनचा रस्ता सहा पदरी होतोय कारण २०२८ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, शिवाय कॉलन्या, ड्रेनेज, पूल हे सगळं आहेच. आपली मराठी मंडळीही या धंद्यात काही कमी नाहीत, कुणाची एखादी खोदाईची बॅकहो भाड्यानं लागलेली, कुणी ठेकेदाराकडे साइट सांभाळतंय, कुणी पीथमपूरच्या कारखान्यांत मेंटेनन्सला. आणि ऊन चढलं की या सगळ्यांना साइटवरून ठरलेला फोन येतो, “भिया, गाडी गरम बता रही है, क्या करूँ?”

यावर आपल्याकडे दोनच उत्तरं दिली जातात. एक, “सेन्सर खराब असेल, चालव.” दुसरं, “सेन्सर बदलून टाक.” दोन्ही उत्तरं मशीन न बघताच दिलेली असतात. पहिल्यात इंजिन जातं, दुसऱ्यात पैसे जातात आणि दोष आहे तिथंच राहतो. त्यात आता १ जानेवारी २०२५ पासून चाकांवरच्या नव्या बांधकाम मशिनींना सीईव्ही स्टेज ५ हे धुराचे नियम लागू झालेत, त्यामुळे नव्या मशिनीवर सेन्सर अजून वाढले, स्क्रीनवर कोड यायला लागले आणि ऑपरेटर बिचारा गोंधळलाय. ज्यांनी कधी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट-ओहम मोजायचं यंत्र, हातात धरला नाही त्यांनाही समजावं आणि उद्या कुणी “सेन्सर गेला साहेब” म्हटलं तर “कशावरून?” असं विचारता यावं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

## स्क्रीनवरचा आकडा येतो कुठून

इंजिनाभोवती जे पाणी फिरतं, म्हणजे कूलंट, त्यात सेन्सरचं टोक बुडालेलं असतं. हा सेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढा, बऱ्याचदा पितळेचा तुकडा, बहुतेक वेळा इंजिनाच्या वरच्या भागावर, म्हणजे हेडवर, किंवा थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा दरवाजा) असतो त्या हाउसिंगजवळ पेचानं बसवलेला, मागे दोन वायरींचा कनेक्टर. त्याच्या पोटात थर्मिस्टर असतो. थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे विजेला होणारा अडथळा बदलणारा दाणा, आणि आपल्या कामाचा जो प्रकार आहे त्यात गरम झालं की अडथळा कमी होतो. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. एका खूप चालणाऱ्या प्रकारात २० डिग्रीला साधारण २५०० ओहम असतात, ४० ला १२०० च्या आसपास, ८० ला सव्वातीनशे आणि १०० ला दोनशेपेक्षाही थोडे कमी. प्रत्येक कंपनीचं टेबल वेगळं असतं, तेव्हा हे आकडे अंदाजासाठी धरा, तपासताना आपल्या मशीनचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा.

आता महत्त्वाची गोष्ट. इंजिनाचा कॉम्प्युटर, ज्याला ईसीएम म्हणतात, त्याला तापमान समजत नाही. तो स्वतःकडून ५ व्होल्ट पाठवतो, ते त्याच्या आतल्या एका ठरावीक अडथळ्यातून जाऊन वायरीवर येतात, पुढे सेन्सरमधून परत फिरतात, आणि वायरीवर किती व्होल्ट उरले एवढंच ईसीएम बघतो.

हे डोळ्यांसमोर आणायचं असेल तर गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा एक बारीक पाइप घ्या, खाली टोकाला नळ, आणि नळाच्या थोडं वर प्रेशरचा काटा. नळ बंद असला की काटा पूर्ण चढलेला, नळ जितका उघडाल तितका काटा खाली. सेन्सर म्हणजे तो नळ, इंजिन जितकं तापेल तितका उघडणारा, आणि ईसीएम वर बसून फक्त काट्याकडे बघतोय. काटा उतरला की तो म्हणणार इंजिन तापलं. पण समजा नळ ठीकच आहे आणि काट्याच्या खाली पाइपच फुटला, पाणी सगळं जमिनीत जातंय, तरी काटा शून्यावर येणार आणि ईसीएम म्हणणार इंजिन भयंकर तापलं. उलट काटा आणि नळ यांच्या मधे पाइप चोंदला तर काटा पूर्ण वर, आणि ईसीएमला वाटणार नळ घट्ट बंद आहे, म्हणजे इंजिन एकदम गारठलंय.

मशीनवर फुटलेला पाइप म्हणजे वायर घासून बॉडीला टेकली, शॉर्ट झाला. चोंदलेला पाइप म्हणजे वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला. तुटल्यावर बऱ्याच मशिनींवर उणे ४० डिग्री असा विचित्र आकडा येतो, कारण मशीनमधले कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या जे-१९३९ नावाच्या पद्धतीनं बोलतात तिच्यात कूलंटचा आकडा उणे ४० पासूनच सुरू होतो, त्याच्या खाली लिहायला जागाच नाही. काही मशिनी मात्र असा वेडावाकडा आकडा न दाखवता स्वतःच्या मनानं एक सुरक्षित आकडा धरतात आणि फक्त कोड देतात. म्हणून आकडा ठीक दिसतोय म्हणून सेन्सर ठीक, असं समजू नका.

## कोड नीट वाचला की अर्धं काम झालं

जे-१९३९ च्या कोडला दोन भाग असतात. पहिला एसपीएन, म्हणजे कशाबद्दल तक्रार आहे, आणि दुसरा एफएमआय, म्हणजे काय तक्रार आहे. कूलंटच्या तापमानाचा एसपीएन ११०. लोक काय करतात, ११० बघतात आणि “टेम्परेचर सेन्सरचा कोड आला” म्हणून मोकळे होतात. पण सगळा अर्थ दुसऱ्या आकड्यात आहे.

एफएमआय ०, १५ किंवा १६ आला तर ईसीएम सांगतोय की सिग्नल मला पटण्यासारखा वाटतो आणि तापमान वर गेलंय, १५ म्हणजे थोडं, १६ म्हणजे मध्यम, ० म्हणजे गंभीर. हा सेन्सर खराब असल्याचा कोड नाही, हा इंजिन तापल्याचा कोड आहे. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज असायला हवं त्यापेक्षा जास्त, म्हणजे वायर तुटलेली, कनेक्टर सुटलेला, नाहीतर सिग्नलची वायर दुसऱ्या कुठल्या करंट असलेल्या वायरीला टेकलेली. एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज फारच कमी, म्हणजे बॉडीला शॉर्ट. एफएमआय २ म्हणजे सिग्नल उड्या मारतोय, पटत नाहीये. ३, ४ आणि २ मध्ये मल्टीमीटर घेऊन वायरिंगकडे जायचं, ०, १५, १६ मध्ये आधी रेडिएटरकडे. एवढा एक फरक जरी साइटवर सगळ्यांना कळला तरी कितीतरी चांगले सेन्सर कचऱ्यात जायचे वाचतील.

एसपीएन ११० सोबत १११ आला असेल तर अजिबात दुर्लक्ष करू नका, तो कूलंटच्या लेव्हलचा असतो. आणि एकदम तीन-चार सेन्सरचे कोड एकत्र आले, कूलंट, हवा, तेल सगळेच बिघडले, तर चार सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. या सेन्सरांची परत जाणारी वायर बऱ्याचदा एकच असते, ती कुठेतरी तुटली की सगळे तापमानाचे आकडे एकाच वेळी खाली कोसळतात. तिथं सेन्सर नाही, ती एक सामाईक वायर शोधायची.

## आधी इंजिनावर विश्वास ठेवा

माझं ठाम मत आहे की गरम दाखवलं की पहिला अर्धा तास इंजिन खरंच गरम आहे असंच धरून चालायचं. चूक निघाली तर अर्धा तास गेला. उलट धरून चूक निघाली तर हेड, गॅस्केट, पिस्टन, लायनर.

तर फोन आल्यावर ऑपरेटरला काय सांगायचं. काम थांबव, बकेट खाली टेकव, रेस कमी करून इंजिन स्लोवर राहू दे आणि आकडा उतरतो का बघ. तापलेलं इंजिन लगेच बंद केलं तर पंप थांबतो, पंखा थांबतो आणि आतली उष्णता तिथंच कोंडते. पण कूलंट गळताना दिसतंय, पंख्याचा पट्टा तुटलाय किंवा स्क्रीनच बंद कर म्हणतेय, तर मात्र लगेच बंद. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडायचं नाही. आतलं कूलंट दाबाखाली असतं म्हणून १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच क्षणात उकळून वाफेसकट तोंडावर येतं. फडकं टाकून उघडणारे मी बघितलेत, फडक्यानं काही होत नाही. उघड्या हातानं स्पर्श करता येईल इतकं थंड होऊ द्या, मगच हात लावा.

मग बघायचं काय? आपल्या काळ्या मातीची धूळ फार बारीक असते आणि ती रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते, त्यावर हायड्रॉलिक तेलाचा ओशटपणा आला की तिचा थर पक्का होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते कारण पुढे एसीचा कंडेन्सर किंवा तेलाचा कूलर असतो, घाण दोघांच्या मधे असते, टॉर्च मारून आरपार उजेड दिसतो का बघा. साफ करताना हवा नेहमी ज्या दिशेनं वारा जातो त्याच्या उलट मारायची आणि फार जोरात नाही, नाहीतर जाळीची पानं वाकतात. पट्टा, पंखा, होज, पाण्याच्या पंपाखाली ओल, हे सगळं बघायला काही यंत्र लागत नाही.

कूलंटची लेव्हल या यादीत सगळ्यात वर ठेवा आणि त्याचं कारण सेन्सरशीच जोडलेलं आहे. कूलंट खाली गेलं की सेन्सरचं टोक हवेत उघडं पडतं, आणि हवा किंवा वाफ त्याला पाण्यासारखी उष्णता देत नाही, त्यामुळे आत इंजिन भाजत असताना आकडा ८० वर शांत बसलेला असू शकतो. म्हणजे सेन्सर शंभर टक्के चांगला, वायर चांगली, कोड काही नाही, आणि तरीही आकडा खोटा.

लोक म्हणतात इंदुरात कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला, बोअरचं पाणी टाका. बर्फासाठी नाहीच ते. कूलंटनं उकळायचा बिंदू वर जातो आणि गंज रोखला जातो. बोअरच्या जड पाण्यानं आत क्षार धरतात, लायनरवर धरतात, रेडिएटरच्या नळ्यांत धरतात आणि सेन्सरच्या टोकावरही धरतात, मग तो सेन्सर उशिरा आणि कमी सांगायला लागतो.

## मग खरं तापमान मोजायचं कसं

इन्फ्रारेड गन आता स्वस्तात मिळते, सेन्सर जिथं बसलाय त्याच्या शेजारच्या धातूवर धरायची. फक्त एक खबरदारी, चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन हमखास कमी दाखवते कारण चमकदार पृष्ठभाग स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही, आजूबाजूचीच परत फेकतो. तिथं मॅट काळ्या रंगाचा एक ठिपका मारून ठेवा, तो वाळला की त्यावरच मोजा. बाहेरचा धातू आतल्या कूलंटपेक्षा थोडा थंड असणारच. स्क्रीन ११२ म्हणतेय आणि ठिपक्यावर १०४ आलं तर स्क्रीन खरी आहे, इंजिन तापलंय. स्क्रीन ११२ आणि ठिपक्यावर ८३, तर आता सेन्सर आणि वायरींवर संशय घ्यायला हरकत नाही.

“हात लावला की कळतं” म्हणणारे जुने मिस्त्री आहेत, त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण ९० आणि १०८ मधला फरक कुठल्याच हाताला कळत नाही, दोन्हीकडे चटका सारखाच बसतो. आणि इंजिनाचं जगणं-मरणं त्या १८ डिग्रीतच आहे.

## सकाळची परीक्षा, जी सगळ्यात सोपी आहे

मशीन रात्रभर उभी राहू द्या. सकाळी ऊन लागायच्या आत चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका. आता स्क्रीनवर किंवा स्कॅनरवर, म्हणजे ईसीएमला जोडून आकडे वाचायच्या यंत्रावर, तीन आकडे बघा, कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि असेल तर तेलाचं. रात्रभर उभ्या मशीनमध्ये हे सगळे बाहेरच्या हवेच्या आसपास यायला हवेत, एकमेकांपासून चार-पाच डिग्रीच्या आत. हवा २६, तेल २७ आणि कूलंट ४३ असं दिसलं तर कूलंटच्या सर्किटमध्ये काहीतरी आहे, बाकी काही सिद्ध करायची गरज नाही. कुठलंही हत्यार न लागता ही परीक्षा होते म्हणून मला ती फार आवडते, आणि ऑपरेटरलाच सांगितलं तर तो फोटो काढून पाठवू शकतो.

यात पास झालं म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही, ते पुढे गंजाच्या गोष्टीत येईल.

## कनेक्टर काढून बघणं

कोड ३ किंवा ४ असेल तर ही परीक्षा. चावी बंद, सेन्सरचा कनेक्टर काढा, चावी ऑन करून आकडा आणि कोड बघा. नळच नाही, पाइप बंद, म्हणजे ईसीएमला पूर्ण व्होल्टेज दिसायला हवं, आकडा एकदम खाली आणि एफएमआय ३. मग चावी बंद करून हार्नेसकडच्या, म्हणजे मशीनच्या वायरींच्या जुडग्याकडच्या, कनेक्टरच्या दोन पिना एका छोट्या वायरीनं जोडा, चावी ऑन. आता आकडा एकदम वरच्या टोकाला आणि एफएमआय ४ यायला हवा.

दोन्ही वेळा ईसीएमनं अशी साथ दिली तर वायरिंग आणि ईसीएम दोघंही ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा कनेक्टरच्या पकडीत. काढल्यावरही ४ च राहिला तर वायर मधेच कुठेतरी बॉडीला टेकलीये. जोडल्यावरही ३ च राहिला तर वायर तुटलीये. सेन्सर बदलून या दोन्हीत काहीही होणार नाही. जोडायच्या आधी मॅन्युअलमध्ये बघून खात्री करा की या सिग्नल आणि रिटर्नच्याच पिना आहेत, कारण बॅकहोवर बहुतेक १२ व्होल्ट आणि मोठ्या पोकलेनवर २४ व्होल्ट असतात आणि ते चुकून ईसीएमच्या सिग्नलच्या पिनेत गेले तर सेन्सरचा खर्च किरकोळ वाटायला लागेल. आणि वायरीत टाचणी खुपसून मोजू नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी जातं, कनेक्टरच्या मागच्या बाजूनं मल्टीमीटरचा बारीक प्रोब सरकवा.

सेन्सर बाहेर काढून तपासायचा असेल तर इंजिन पूर्ण थंड करून काढा, खाली बादली ठेवा. मग पाणी तापवायच्या भांड्यात सेन्सरचं टोक तळाला न लागता टांगा, शेजारी थर्मामीटर, आणि ओहम बघत जा. टेबलाशी जुळत गेलं तर सेन्सर चांगला. एक लक्षात घ्या, इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, तेव्हा उकळी आली म्हणून १०० चा आकडा शोधू नका.

## गंज गार दाखवतो, ओल गरम दाखवते

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण पूर्ण तुटलेली वायर लगेच सापडते, अर्धवट खराब वायर माणसाला महिनोन्महिने फिरवते.

कनेक्टरच्या पिना गंजल्या की वाटेत थोडा जास्तीचा अडथळा येतो, समजा ५० ओहम. सकाळी सेन्सरचेच २५०० ओहम आहेत, त्यात ५० नं काय फरक पडणार, आकडा बरोबर येतो, सकाळच्या परीक्षेत मशीन पास. पण दुपारी कूलंट १०० ला पोचलं, सेन्सरचे उरले १८५ च्या आसपास, त्यात ५० मिळवले की झाले २३५, आणि २३५ ओहम म्हणजे ईसीएमच्या हिशोबानं ९१ डिग्री. इंजिन १०० वर, स्क्रीनवर ९१. गंज इंजिन थंड असल्याचं सांगतो, तेही नेमकं जेव्हा ते थंड नसतं तेव्हा. कोड येत नाही कारण व्होल्टेज पटण्यासारखंच आहे. म्हणून मला गरम दाखवणाऱ्या मशीनपेक्षा कधीच गरम न दाखवणाऱ्या मशीनची जास्त काळजी वाटते.

ओलीचं उलटं. प्रेशर वॉशरनं इंजिन धुतलं, कनेक्टरच्या रबरी सीलमधून पाणी शिरलं, आता दोन पिनांच्या मधून पाण्यातून थोडी वीज गळतेय. समजा ही वाटही २५०० ओहमची आहे, तर सकाळी ईसीएमला दोन्ही मिळून १२५० दिसतात आणि २० डिग्रीच्या सकाळी कूलंट ३८-३९ दाखवतं. दुपारी सेन्सरचा अडथळाच इतका कमी असतो की ही गळती कुठे लक्षातही येत नाही. तेव्हा सकाळी चुकतंय आणि दुपारी बरोबर येतंय तर ओल शोधा, सकाळी बरोबर आणि दुपारी गनशी जुळत नाही तर गंज शोधा.

तिसरा प्रकार हलण्याचा. पोकलेन गरगर फिरते, तोडकाम करताना थरथरते, आणि हार्नेस एखाद्या पट्टीवर घासत घासत तांबं उघडं पडतं. देवास नाक्याकडच्या एका साइटवरची गोष्ट सांगतो. पोकलेनला गरम दाखवायचं फक्त दगड फोडायचा ब्रेकर लावल्यावर, बकेटनं काम करताना कधीच नाही. सगळ्यांचं म्हणणं ब्रेकरवर लोड जास्त म्हणून तापते, सेन्सर बदलला, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर उतरवून धुतला. शेवटी एका वायरिंगवाल्या दादांनी इंजिन स्लोवर ठेवून हार्नेस हातानं हलवत हलवत आणला आणि एका क्लॅम्पजवळ आल्यावर आकडा ८८ वरून एकदम टोकाला गेला. पाणी एका सेकंदात इतकं तापू शकत नाही, म्हणून आकडा हळूहळू चढतो की उडी मारतो हे मूळ तक्रार ऐकतानाच विचारायला हवं होतं. तापमान चढतं ते हळूहळू, टप्प्याटप्प्यानं. उडी मारते ती वीज.

## “सेन्सर स्वस्तच आहे, बदलूनच टाकू ना”

सेन्सर स्वस्त आहे हे खरं. पण तो बदलताना कनेक्टर काढला जातो, परत बसवला जातो, त्यात पिना घासून थोड्या साफ होतात आणि चार दिवस सगळं ठीक चालतं, आणि सगळ्यांना वाटतं सेन्सरच होता. पाचव्या दिवशी परत तेच. आता मालक म्हणतो डुप्लिकेट सेन्सर दिला, दुकानदार म्हणतो तुमच्या मशीनमध्ये खोट आहे. शिवाय दिसायला सारखे पेच, सारखा कनेक्टर, पण आतलं ओहमचं टेबल वेगळं असे सेन्सर बाजारात भरपूर आहेत, असा बसवला तर कोड येत नाही, फक्त आकडा कायम दहा-पंधरा डिग्री खोटा राहतो. नवा सेन्सर घ्याच, पण पार्ट नंबर जुळवून, आणि जुन्याला उकळत्या पाण्यात दोषी ठरवल्यावर.

रीडिंग कायम ६०-६५ वर अडकलं असेल तरी लगेच सेन्सरकडे जाऊ नका. थर्मोस्टॅट, म्हणजे साधारण ८२ डिग्रीच्या आसपास उघडणारा कूलंटचा दरवाजा, उघडाच अडकला किंवा कुणीतरी “उन्हाळा आहे” म्हणून काढूनच टाकला तर इंजिन खरंच थंड राहतं. ते इंजिनाला चांगलं नसतं, डिझेल जास्त लागतं, तेल लवकर खराब होतं आणि नव्या मशिनींवर धूर साफ करायच्या यंत्रणेलाही पुरेशी उष्णता मिळत नाही.

## “तोवर वायर काढून चालवतो”

हे करू नका, अगदी मनापासून सांगतो. ईसीएमला तापमान कळलं की तो ताकद कमी करतो, वॉर्निंग देतो, काही मशिनींवर इंजिन बंद करतो. वायर काढली की हे सगळं आंधळं होतं. काही मशिनी वायर काढल्यावर पंखा पूर्ण वेगानं लावतात, ताकद कमी करतात, त्यामुळे मग कुणीतरी हुशार माणूस सेन्सरच्या जागी ठरावीक ओहमचा एक दाणा जोडून देतो आणि स्क्रीनवर कायम ८५ येतं. मशीन मस्त पळते. मग एक दिवस होज फुटतो, कूलंट सगळं खाली जातं, केबिनमध्ये बसलेल्या पोराला समोर ८५ दिसतंय, आणि इंजिन जाम झाल्यावर मालक त्यालाच विचारतो की तुझं लक्ष कुठं होतं. जुगाड करणारा तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. सेकंडहँड मशीन घेताना म्हणूनच सकाळची परीक्षा करा, रात्रभर उभ्या मशीनवर चावी ऑन केल्यावर ८५ आलं तर तिथून चालते व्हा.

## जुन्या मशिनींचं काय

ज्यात ईसीएमच नाही, नुसता काटा आहे, तिथंही तत्त्व हेच. फक्त बऱ्याच जुन्या सेन्सरांना एकच वायर असते आणि परतीची वाट इंजिनाच्या धातूतून जाते. अशा सेन्सरच्या पेचावर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर ती वाट बिघडते आणि काटा कमी दाखवतो. हेडलाइट किंवा हॉर्न लावल्यावर काटा हलत असेल तर सेन्सर सोडा, इंजिनाची अर्थिंगची पट्टी बघा, ती ढिली किंवा गंजलेली असणार. काही मशिनींवर दोन सेन्सर असतात, एक काट्यासाठी आणि एक वॉर्निंगच्या दिव्यासाठी किंवा ईसीएमसाठी, त्यामुळे काटा एक म्हणतोय आणि दिवा दुसरंच, असं होऊ शकतं.

एक सूचना जुन्या-नव्या दोघांसाठी. साइटवर बकेटचे दात वेल्डिंग करणं रोजचंच आहे, पण त्याआधी बॅटरीची वायर काढायला, मॅन्युअल सांगत असेल तर ईसीएमचे कनेक्टर काढायला आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर जिथं काम आहे अगदी तिथंच लावायला ऑपरेटरला सांगून ठेवा. नाहीतर तो करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून वाट काढतो.

## लॅपटॉपवाल्याला बोलवाल तेव्हा

सगळं करून दोष सापडला नाही तर कंपनीचा माणूस बोलवा, त्यात कमीपणा नाही, काही गोष्टी त्यांच्या सॉफ्टवेअरशिवाय दिसत नाहीत. पण त्याला “गरम दाखवते” एवढंच सांगू नका. कोडचे दोन्ही आकडे सांगा, एसपीएन आणि एफएमआय, आणि कोड कुणी मिटवू देऊ नका, तो माणूस येईपर्यंत कोड तसाच ठेवा. सकाळचे तीन आकडे, दुपारी गनवर आलेला आकडा आणि त्याच वेळचा स्क्रीनवरचा आकडा, दोष कधी येतो म्हणजे चढावर, ब्रेकरवर, धुतल्यावर की पावसात, आकडा हळूहळू चढतो की उडी मारतो, आणि आतापर्यंत काय काय बदललं. हे सगळं केबिनमधल्या वहीत ऑपरेटरच्या हातचं लिहिलेलं असेल तर उत्तम, हिंदीत असलं तरी चालेल, आणि त्या माणसाला मशीन सकाळी थंड असतानाच बोलवा, दुपारी तापलेल्या मशीनवर तो आला तर अर्ध्या परीक्षा करताच येत नाहीत.